मैहर वाद्यवृंद : अनाथ शिष्यांच्या समूहवादनाचा इतिहास

नागपूरहून उत्तरेकडे निघालेला जुना हमरस्ता सिवनी, लखनादौन आणि बरगी ही गावे मागे टाकून नर्मदा ओलांडतो व जबलपुरात शिरतो. तेथून तो कटनी, मैहर आणि रीवा करीत मिर्झापूर व काशीकडे जातो. मराठी माणसाला हा रस्ता परका नाही. काशीयात्रेला निघालेले वऱ्हाड-नागपूरचे यात्रेकरू याच वाटेने गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस गढा-मंडला प्रांत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला, तेव्हा त्यांच्या फौजाही याच वाटेने गेल्या. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे १९५६ पर्यंत कारकून, शिक्षक, वकील आणि रेल्वेचे नोकर यांची वर्दळ या पट्ट्यात सतत राहिली. या वस्तीबरोबर गणेशोत्सव आला, नाट्यपदे आली, हार्मोनियम आली आणि खासगी गायनवर्गही आले. या प्रदेशातील मराठी मंडळींच्या संगीतकार्याची चर्चा बहुधा येथेच थांबते.

याच रस्त्यावर, जबलपूरच्या उत्तरेस सुमारे १६० किलोमीटरवर, मैहर या लहानशा संस्थानात १९१८ नंतरच्या वर्षांत एक वेगळाच प्रयोग झाला. साथीच्या रोगात आईबाप गमावलेल्या मुलांना हाताशी धरून बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी तेथे एक वाद्यवृंद उभा केला. तो आजही ‘मैहर बँड’ किंवा ‘मैहर वाद्यवृंद’ या नावाने ओळखला जातो. हिंदुस्थानी रागसंगीत केवळ समूहाने वाजविणारा, आणि तेही शिष्यांच्याच समूहाने वाजविणारा, इतका दीर्घायुषी दुसरा वृंद दाखविणे कठीण आहे.

या वृंदाची हकीकत सामान्यतः करुणाकथा म्हणून सांगितली जाते. साथ येते, मुले पोरकी होतात, दयाळू उस्ताद त्यांना पोटाशी धरतो आणि त्यांच्या हाती वाद्ये देतो. ही कथा खोटी नाही. पण तेवढ्यावर समाधान मानले तर इतिहासाचे दोन प्रश्न अनुत्तरित राहतात. एक, ज्या परंपरेत दोन वादक एकत्र बसले तरी जुगलबंदीच करतात, तिच्यात समूहवादन मैहरलाच का साधले? आणि दोन, ज्या गुरूच्या एकल शिष्यांची नावे जगभर गेली, त्याच गुरूच्या या पहिल्या शिष्यसमूहाचा उल्लेख आपल्या ग्रंथांतून बहुधा ‘अनाथ मुले’ एवढ्या दोन शब्दांतच का उरकला जातो? प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे अधिक आहे. त्याचे उत्तर मात्र पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहे असे वाटते.

खाँसाहेबांची घडण पाहिली म्हणजे पहिला प्रश्न काहीसा सुटतो. त्रिपुरा भागातील शिबपूरचा हा मुलगा घर सोडून कलकत्त्यास पळाला. तेथे त्याने गोपालचंद्र चक्रवर्ती ऊर्फ नुलो गोपाल यांच्याकडे गळ्याची तालीम घेतली आणि गुरूच्या निधनानंतर वाद्यांकडे मोर्चा वळविला. अमृतलाल ऊर्फ हाबू दत्त हे त्याचे वाद्यांचे गुरू. स्वामी विवेकानंदांचे हे आप्त नाटकमंडळ्यांसाठी वाद्यवृंद चालवीत. बंगाली रंगभूमीचा येथे विशेष विचार केला पाहिजे. १८५८ मध्ये बेलगाछियाच्या खासगी नाट्यगृहात ‘रत्नावली’चा प्रयोग झाला, तेव्हा क्षेत्रमोहन गोस्वामी यांनी देशी वाद्यांचा मेळ बसविला होता. तेव्हापासून ‘कन्सर्ट’ हा बंगाली नाट्यप्रयोगाचा एक स्वतंत्र भाग होऊन बसला. पडदा उघडण्यापूर्वी व दोन अंकांच्या मध्ये गायकाविना, केवळ वाद्यांचे संगीत श्रोते ऐकत.

आपल्याकडे असे झाले नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून (१८८०) मराठी संगीत नाटकाने संगीताचे सर्व वैभव नटाच्या गळ्यात ठेवले. सारंगी, तबला आणि नंतर ऑर्गन ही वाद्ये रंगमंचापुढील खड्ड्यात बसली. ती उत्तम वाजत, पण पदाच्या मागोमाग वाजत. साथ म्हणजेच वाद्य, असा संस्कार त्यातून मराठी श्रोत्यावर झाला आणि तो अद्याप पुरता पुसलेला नाही. महाराष्ट्रात थोर वादक झाले. वाद्यवृंदाला मात्र पूर्वजच नव्हता.

कलकत्त्यात खाँसाहेबांना आणखी एक गुरू लाभला. ईडन गार्डनमध्ये बँड वाजविणारे लोबो नावाचे गोमंतकीय बँडमास्तर. त्यांच्याकडून त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकून घेतले. गोव्याच्या चर्चशाळांतून सोळाव्या शतकापासून स्वरलेखन व व्हायोलिन यांचे शिक्षण मिळत आले होते. त्या शाळांतून तयार झालेले वादक एकोणिसाव्या शतकात मुंबईपासून ब्रह्मदेशापर्यंत लष्करी व संस्थानी बँडांत पसरले. मैहरच्या वृंदामागे ही गोमंतकीय शिस्त उभी आहे, याची नोंद आपण मराठीत अगत्याने घ्यावयास हवी. सर्व गज एकाच वेळी एकाच दिशेने ओढले जावेत, सुरुवात आणि शेवट एकाच क्षणी व्हावा, ठरलेल्या जागी आवाज कमी-जास्त व्हावा, या गोष्टी बीनकारांच्या घरात शिकविल्या जात नव्हत्या. त्या बँडमास्तर शिकवीत.

बीनकारांचे घर म्हणजे रामपूर. तेथे सेनिया परंपरेतील वजीर खाँ यांच्या दाराशी अल्लाउद्दीन खाँनी दीर्घ काळ तिष्ठत राहून शिष्यत्व मिळविले. याच वजीर खाँचे शिष्यत्व पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीही पत्करले होते. म्हणजे एका गुरूचे दोन शिष्य, आणि दोघेही विद्या घराण्याबाहेर काढून इतरांना देण्याच्या ध्यासाने झपाटलेले. परंतु दोघांच्या वाटा भिन्न.

१९१८ हे वर्ष या भिन्नतेवर चांगला प्रकाश टाकते. त्या वर्षी ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या योजनेनुसार माधव संगीत विद्यालय सुरू झाले. वर्ग, पुस्तक, स्वरलिपी, परीक्षा व पदवी अशी त्याची रचना होती. त्याच सुमारास अल्लाउद्दीन खाँ मैहरचे राजे ब्रिजनाथ सिंह यांचे संगीतगुरू म्हणून तेथे आले. मैहर ग्वाल्हेरच्या तुलनेत किती लहान होते याची कल्पना एका आकड्यावरून येते. संस्थानाचे क्षेत्रफळ ४०७ चौरस मैल आणि १९०१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ६३,७०२. शिंद्यांप्रमाणे विद्यालयाची इमारत, शिक्षकांचा ताफा आणि अभ्यासक्रम यांचा भार अशा दरबाराला झेपण्यासारखा नव्हता. एका उस्तादाचा पगार आणि काही मुलांचे अन्नवस्त्र एवढा भार त्याने सोसला.

त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात मुंबई बंदरातून शिरलेला इन्फ्लुएंझा रेल्वेमार्गांनी आत पसरला आणि पावसाळा संपताना त्याची दुसरी, अधिक भयंकर लाट आली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांपैकी मध्य प्रांत व वऱ्हाडात मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक होते. साऱ्या देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मुंबई-जबलपूर-अलाहाबाद या लोहमार्गावरील मैहर त्यातून सुटणे शक्य नव्हते. वृद्धांपेक्षा वीस ते चाळीस वयाची माणसे या तापाने अधिक नेली, म्हणजेच आईबाप नेले आणि मुले मागे ठेवली. मैहरचा वाद्यवृंद ज्या मुलांमधून उभा राहिला, ती मुले अशी उरलेली होती.

या मुलांना कोणतेही घराणे नव्हते, ही बाब संगीताच्या दृष्टीने निर्णायक ठरली. घराण्यातला मुलगा वाद्य हाती घेतो तेव्हा त्याच्यापुढे बापाचे वा चुलत्याचे एकल वादन आदर्श म्हणून उभे असते. तो बारा वर्षे दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळीत बसणार नाही. अनाथ मुलांपुढे असा आदर्श नव्हता. कोणी कोणते वाद्य घ्यावे हे गुरूने ठरविले. आणि ते ठरविताना त्याच्या डोळ्यांपुढे मुलगा होता त्याहून अधिक वृंद होता, असे म्हणावे लागते. मुले त्याच्या नजरेखाली राहत, त्याच्या हातचे खात, त्याच्या हातचा मारही खात. खाँसाहेबांच्या रागीट स्वभावाच्या कथा त्यांच्या सर्वच शिष्यांनी सांगितल्या आहेत. ही अधीनता आणि ते वात्सल्य यांना वेगळे काढता येत नाही. वृंदाचे एकजीव वादन या दोहोंतून जन्मले. आजच्या वाचकाला यात काही खटकले तर ते स्वाभाविक आहे. मात्र पर्याय कोणता होता, हेही त्याने लक्षात घ्यावे.

तांत्रिक अडचण वेगळीच होती. रागसंगीताचा प्राण मींड, गमक, कण आणि ऐनवेळी सुचणारा विस्तार यांत असतो. यांतील काहीही दहा-बारा जणांनी एकत्र करावयाचे म्हटले की गोंधळ माजतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाने हा प्रश्न स्वरसंवादाने सोडविला. प्रत्येक गटाला निराळा स्वर देऊन त्यांचा मेळ घातला. रागाच्या शिस्तीत हे परवडत नाही, कारण अवांतर स्वर येताच राग डागाळतो. खाँसाहेबांनी मधला मार्ग काढला. राग तोच, गत ठरलेली, विस्तारही बांधून दिलेला. मात्र एकच ओळ कधी सतार-सरोदांनी, कधी गजाच्या वाद्यांनी, कधी खालच्या सप्तकात तर कधी सर्वांनी मिळून वाजवावयाची. वैचित्र्य स्वरांच्या मेळात न आणता वाद्यांच्या जातीत आणावयाचे. त्यामुळे वृंदाच्या चिजा आटोपशीर झाल्या. तासभर चालणाऱ्या आलापीऐवजी काही मिनिटांची घोटीव रचना हे त्यांचे स्वरूप ठरले. शास्त्रीय रागांच्या जोडीला लोकधुना आणि पाश्चात्त्य धाटणीच्या काही गतीही त्यांत होत्या.

वाद्यांची निवड पाहण्यासारखी आहे. सतार, सरोद, इसराज, तबला व ढोलक यांच्याबरोबर व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, हार्मोनियम आणि पियानो. शिवाय खाँसाहेबांची स्वतःची कल्पकता : सतार आणि बँजो यांच्या मिश्रणाचे सतार-बँजो, आणि सर्वांत प्रसिद्ध असलेले नलतरंग. जुन्या बंदुकांच्या नळ्या कापून, त्या चौकटीवर आडव्या मांडून हे वाद्य केलेले आहे. दोन काठ्यांनी ते वाजवितात. जलतरंगात पाणी कमीअधिक करून सूर जुळविता येतो आणि हवापाणी बदलले की तो उतरतोही. नळीचे तसे नाही. एकदा कापली की तिचा सूर कायमचा. अशा मोकळ्या नळीचा सूर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो, म्हणून वरचे सप्तक मिळविण्यासाठी तारेप्रमाणे लांबी निम्मी करून चालत नाही. मूळ लांबीच्या सुमारे सात दशांश ठेवावी लागते. बंदुकीची नळी एका टोकाला जाड असते तेव्हा हे गणितही पुरते बसत नाही. कानाने तपासीत, कानस लावीत पुढे जावे लागते. थोडे जास्त कापले गेले की नळी वायाच गेली. शस्त्रागारातील लोखंडाचे वाद्य झाले, या काव्यात्म कल्पनेवर बहुतेक लेखक रेंगाळतात. त्यामागची ही कारागिरी मात्र सहसा कोणी सांगत नाही.

पियानो, हार्मोनियम आणि नलतरंग ही स्थिर स्वरांची वाद्ये एकीकडे, आणि व्हायोलिन-सरोदासारखी लवचीक वाद्ये दुसरीकडे. त्यांच्यात सूक्ष्म स्वरांचे भांडण होणारच. मैहरच्या वादनात ते ऐकू येते, हे मान्य केले पाहिजे. श्रुतींच्या बाबतीत दक्ष असलेल्या श्रोत्याला हा वृंद कधीच पूर्ण समाधान देऊ शकला नाही. पण लय, नाद आणि एकोपा यांचा जो आनंद तो देतो, तो एकल मैफलीत मिळत नाही. दोन्हींची तुलना एकाच मापाने करण्यात न्याय नाही.

१९२० च्या दशकात लखनौच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत मैहरची ही मुले वाजवून आली. या परिषदा भातखंड्यांच्या पुढाकाराने भरत, त्यामुळे दोन गुरुबंधूंचे दोन मार्ग एका मंचावर आले असे म्हणता येईल. पण भातखंड्यांच्या योजनेत समूहवादनाला खास स्थान नव्हते. मूळ मराठीत लिहिलेली त्यांची क्रमिक पुस्तके एकेकट्या विद्यार्थ्याने राग समजून घ्यावा यासाठी होती. वर्गात मुले एकत्र गात, परंतु ते शिक्षणाचे साधन होते, ध्येय नव्हते.

मैहरशी खरे साम्य आहे ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयाचे. १९०१ मध्ये लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईस सुरू झालेल्या या संस्थेत गरीब घरची मुले राहून शिकत. संस्था त्यांचा चरितार्थ चालवी, ती मुले संस्थेची कामे करीत. शिस्त मैहरइतकीच कडक होती. कर्जापायी मुंबईची इमारत गेली तरी तेथून बाहेर पडलेली मुले ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि बी. आर. देवधर या नावांनी देशाला माहीत झाली. पोटापाण्याच्या अडचणीत वाढलेली, गुरुगृही राहिलेली ही मुले आणि मैहरची मुले यांच्या सामाजिक स्थितीत फार मोठे अंतर नव्हते. अंतर होते ते शिक्षणाच्या हेतूत. पलुसकरांनी प्रत्येक मुलाला एकट्याने मंचावर बसण्यासाठी तयार केले. मैहरच्या मुलांना एकत्र बसण्यासाठी तयार करण्यात आले, आणि एकत्र बसणाऱ्याचे नाव जाहिरातीवर छापत नाहीत.

खाँसाहेबांच्या घरातच हे दोन वर्ग शेजारी शेजारी नांदले. अली अकबर आणि अन्नपूर्णा ही त्यांची मुले, १९३८ मध्ये आलेले रविशंकर आणि पुढे निखिल बॅनर्जी यांना जी तालीम मिळाली ती आलापाची, एकांताची, वर्षानुवर्षांची. वाई परिसरातून आलेले आणि व्हायोलिनला हिंदुस्थानी मैफलीत मानाचे स्थान मिळवून देणारे विष्णु गोविंद जोग यांनीही खाँसाहेबांकडे मार्गदर्शन घेतले. वृंदातील मुलांना गती मिळाल्या. गुरू एकच, घर एकच. पण एका दालनात विद्या वारसा म्हणून दिली जात होती आणि दुसऱ्यात जबाबदारी म्हणून. हा भेद खाँसाहेबांनी जाणूनबुजून केला असे मला म्हणावयाचे नाही. त्यांना वृंदाचा अभिमान होता आणि उतारवयापर्यंत त्यांनी त्याची तालीम स्वतः घेतली. भेद त्या परंपरेतच मुरलेला होता. ती परंपरा रागाचा विस्तार करणाऱ्यालाच कलावंत मानते. ठरलेले चोख वाजविणारा तिच्या लेखी फार तर चांगला कारागीर असतो.

वृंदाची कल्पना मैहरबाहेर गेली ती मात्र एकल शिष्यांच्याच हातून. तिमिर बरन भट्टाचार्य हे कलकत्त्याचे सरोदवादक १९२० च्या दशकात मैहरला शिकावयास आले. मुलांचा वृंद त्यांनी जवळून पाहिला आणि परत गेल्यावर आपल्याच कुटुंबातील माणसे जमवून वाद्यवृंद उभा केला. एका विद्यार्थ्याने गुरुगृही पाहिलेले घरी रुजविले. १९३० मध्ये उदयशंकर यांनी त्यांना आपल्या नृत्यपथकात घेतले, आणि १९३१ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनी जे भारतीय वाद्यसंगीत ऐकले त्यावर मैहरची छाया होती. या पथकात तिमिर बरन यांच्याबरोबर विष्णुदास शिराळी हे हुबळीकडचे, पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयात शिकलेले संगीतकार होते. तिमिर बरन बाहेर पडल्यावर संगीताची धुरा शिराळींकडे आली. पलुसकरांच्या शिस्तीत वाढलेला विद्यार्थी आणि मैहरचा विद्यार्थी एका वृंदात बसले. वाद्यवृंदाच्या इतिहासात मराठी मुलखाच्या सीमेवरून आलेला हा धागा सहसा दुर्लक्षित राहतो. पुढे १९५२ मध्ये आकाशवाणीने दिल्लीत राष्ट्रीय ‘वाद्यवृंद’ स्थापन केला तेव्हा त्याच्या संचालनात टी. के. जयराम अय्यर यांच्यासमवेत रविशंकर होते. वाद्यवृंद हा शब्द घरोघर पोचविण्याचे श्रेय आकाशवाणीलाच द्यावे लागेल.

लोबोंच्या गोव्याकडूनही असा एक प्रयत्न झाला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील व्हायोलिनवादक व संयोजक. त्यांनी १९५८ मध्ये रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात सादर केल्या. वादक उत्तम होते, पण ते सारे दिवसाच्या रोजावर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जाणारे होते. तालमींसाठी त्यांचा वेळ विकत घ्यावा लागे, आणि तो घेणारा राजा मुंबईत नव्हता. त्या प्रयोगाला स्थायी रूप आले नाही. मैहरच्या मुलांना अन्यत्र जावयास वाट नव्हती म्हणून मैहरचा वृंद टिकला, हे कटू असले तरी खरे आहे.

१९४८ मध्ये मैहर विंध्य प्रदेशात विलीन झाले, १९५६ मध्ये विंध्य प्रदेश मध्य प्रदेशात. राजाश्रय संपला तेव्हा मुले प्रौढ झाली होती. अनेक संस्थानांचे बँड याच सुमारास मोडले, वाद्ये लिलावात गेली. मैहरचे तसे झाले नाही, यात खाँसाहेबांच्या वाढत्या मान्यतेचा मोठा वाटा होता. १९५५ मध्ये मैहरला संगीत महाविद्यालय निघाले आणि वृंद शासनाच्या छत्राखाली आला. खाँसाहेबांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ६ सप्टेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

शासकीय आश्रयाने वृंदाला पगार दिला, निवृत्तिवेतन दिले. जे दरबाराने कधी नियमाने दिले नसते ते दिले. त्याचबरोबर वृंदाची घडण मुळातून बदलली. पूर्वी मुलगा सात-आठ वर्षांचा येई आणि वाद्य धरण्यापूर्वी त्याचे कान वृंदाने भरलेले असत. आता प्रौढ, शिक्षित वादक नेमणुकीने येतो. त्याने एकल वादनाची परीक्षा दिलेली असते आणि मनात एकल वादनाचीच इच्छा असते. खाँसाहेबांच्या गतींचे जतन मुख्यतः गुरुमुखाने झाले आहे, त्यामुळे जुन्या वादकाबरोबर बसून नव्याने त्या उचलाव्या लागतात. या दोघांच्या कारकिर्दीत काही वर्षांचे अंतर पडले तर नुकसान भरून येत नाही. नलतरंगाच्या बाबतीत हे विशेष जाणवते. त्याचे अन्य शिक्षणकेंद्र नाही, अभ्यासक्रम नाही, आणि मैहरबाहेर त्याला श्रोताही नाही.

अली अकबर खाँ यांनी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात विद्यालय काढले. पुढे सॅन राफेलला स्थिरावलेल्या या संस्थेतील विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाला ‘न्यू मैहर बँड’ असे नाव मिळाले. त्यात बसणारे अमेरिकन विद्यार्थी शुल्क भरून, आपल्या इच्छेने आले होते. त्यांना घरे होती, अन्य व्यवसाय होते, आणि वृंद सोडून जाण्याची मोकळीकही होती. गती मात्र मैहरच्याच परंपरेतल्या. २०२३ पर्यंत सतना जिल्ह्यात असलेले मैहर आता स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. तेथे दरवर्षी खाँसाहेबांच्या नावाने संगीत समारोह भरतो आणि त्यात देशातील नामवंत एकल कलावंतांच्या हजेरीबरोबर मैहर वाद्यवृंदाचेही वादन होते.